ए०-ए१ ड्रॉइंगांची पीडीएफ: कागदावर माप कमी का भरतं, आणि फाइल एवढी फुगते का?

कोनमापक

नमस्कार मंडळी. एका पंप हाउसचा ड्रॉइंग सेट माझ्या गळ्यात पडलाय. एकूण ८६ शीट, त्यातल्या चार ए० मापाच्या कागदाच्या, बाकी सगळ्या ए१. ज्यांनी काढल्या ते नोकरी सोडून गेले, मागे उरलं डीडब्ल्यूजी (ऑटोकॅडच्या मूळ ड्रॉइंग) फाइलींचं फोल्डर. मला या सगळ्यांच्या छापण्याजोग्या पीडीएफ करून द्यायच्यात. मी मूळचा पाइपिंगवाला. ऑटोकॅड येतं म्हणजे रेघा मारता येतात, प्लॉटिंग (कागदावर छापायचं काम) आजवर कायम दुसऱ्याच कुणीतरी केलं.

शुक्रवारी नमुन्याला पाच शीट छापून आणल्या. जनरल अरेंजमेंटमधली (एकूण मांडणीच्या शीटमधली) १० मीटरची भिंत १:१०० ला १०० मिमी यायला हवी, स्टीलची पट्टी लावली तर ९७ भरली. साइट लेआउटच्या एकट्या ए० शीटची पीडीएफ २१२ एमबी झाली. ती घेऊन मशीन अर्धा तास बसलं आणि खालचा पाव भाग कोराच सोडून कागद बाहेर टाकला. मोनोक्रोम (फक्त काळं) निवडलं होतं, तरी काही पाइप हिरवेगार. शिवाय पीडीएफ स्क्रीनवर उघडली की जवळजवळ प्रत्येक अक्षराभोवती चौकट, माऊस नेला की पिवळी चिठ्ठी उघडते.

छापणारे म्हणतात फाइल बिघडलेली, आमचे साहेब म्हणतात छापणारे बिघडलेले. मला फक्त ८६ शीट नीट हव्यात. कुठून सुरुवात करू?

घाईगडबड

एवढं काय त्यात? कंट्रोल-पी, प्रिंट टू पीडीएफ, फिट टू पेपर, ओके. मी सगळं असंच करतो, आजवर कुणी तक्रार केली नाही.

जाडरेघ

@घाईगडबड, तक्रार केली नाही म्हणजे कुणी पट्टी लावून बघितलं नाही. कोनमापकच्या ९७ मिमीचं उत्तर तुमच्याच प्रतिसादात आहे: फिट टू पेपर.

@कोनमापक, आधी एक छोटं काम करा. टायटल ब्लॉकच्या (कोपऱ्यातल्या नाव-नंबराच्या चौकटीच्या) शेजारी, पेपर स्पेसमध्ये, म्हणजे छापायच्या कागदाची मांडणी असते तिथे, बरोबर १०० मिमीचा चौकोन काढा. ड्रॉइंगच्या आत नाही, लेआउटवर. आता त्या शीटची पीडीएफ करा आणि रीडरमध्ये दोन गोष्टी बघा. डॉक्युमेंट प्रॉपर्टीजमध्ये पानाचा आकार ८४१ × ५९४ मिमी दिसतोय का? आणि मेजर टूलने चौकोन १०० भरतोय का? दोन्ही बरोबर असून कागदावर ९७ आले तर चूक छापताना झाली. पीडीएफमध्येच ९७ असतील तर चूक तुमच्या प्लॉट डायलॉगमध्ये. ही एक तपासणी केली की कुणाशी भांडायचं ते ठरतं.

रोलवाला

मी पलीकडच्या बाजूचा, छपाईवाला. ९७ हा आकडा आमच्या ओळखीचा आहे. पीडीएफ रीडरच्या प्रिंट खिडकीत 'फिट' किंवा 'श्रिंक ओव्हरसाइज्ड पेजेस' निवडलेलं असतं. मशीनला कडेने थोडी जागा सोडावी लागते, मग रीडर अख्खं पान त्या उरलेल्या जागेत कोंबतो. 'अॅक्चुअल साइज' निवडलं की काम होतं. पण खरं सांगायचं तर दिवसाला शंभर फाइली येतात, प्रत्येकीला कोण उघडून बघतो? तुम्ही ऑर्डर देताना ठळक लिहा: १०० टक्के, स्केल करू नये.

दुसरं, तुमची बॉर्डर कागदाच्या अगदी कडेपर्यंत असेल तर अॅक्चुअल साइजला ती कापली जाईल, मग तुम्हीच म्हणाल बॉर्डर कुठे गेली. ए० ची रुंदी ८४१ आणि ३६ इंची रोल ९१४ मिमीचा. म्हणजे रोलवर छापून नंतर कापायला जागा असते. ए१ सुद्धा त्याच रोलवर आडवी बसते. पण सुटे कापलेले ए१ कागद वापरणाऱ्याकडे गेलात तर ही सोय नाही.

कोनमापक

चौकोन काढला. पीडीएफमध्ये पान ८४१ × ५९४ बरोबर, पण चौकोन ९७.२! म्हणजे चूक माझीच. प्लॉट डायलॉगमध्ये 'प्लॉट एरिया: एक्स्टेंट्स' (जे काढलंय तेवढंच) आणि 'फिट टू पेपर' दोन्ही होतं. आधीच्या माणसाने असंच सेव्ह करून ठेवलंय. साहेबांना सांगत नाही अजून.

जाडरेघ

सापडलं. आता लेआउटमधून प्लॉट करताना एरिया 'लेआउट', स्केल १:१. बस. लेआउट हाच कागद आहे, कागदाला कागदाएवढंच छापायचं. १:१०० हा हिशोब व्ह्यूपोर्टचा, म्हणजे लेआउटवरच्या ज्या खिडकीतून खऱ्या मापातलं मॉडेल दिसतं तिचा, प्लॉटचा नाही. हे दोन एकदा डोक्यात वेगळे झाले की निम्मे घोळ संपतात. मॉडेल मिमीमध्ये असेल तर व्ह्यूपोर्टमध्ये झूम १/१००एक्सपी (एक्सपी म्हणजे कागदाच्या मापाच्या किती पट). मीटरमध्ये असेल तर १०एक्सपी, कारण एक युनिट म्हणजे १००० मिमी आणि त्याचा शंभरावा भाग १० मिमी. मग व्ह्यूपोर्ट लॉक करा, नाहीतर कुणीतरी माऊसचं चाक फिरवतं आणि १:१०० चं १:१०३.७ होतं.

कागद निवडताना 'आयएसओ फुल ब्लीड ए१' (कडेला मार्जिन न धरलेला) घ्या. साध्या 'आयएसओ ए१' ला कडेचे मार्जिन आत धरलेले असतात. तिथे बॉर्डर बसत नाही, म्हणूनच तुमच्या आधीच्या माणसाने फिट टू पेपर दाबलं असणार. त्याला शिव्या देण्यात अर्थ नाही, बहुतेक जण असंच शिकतात.

नकाशी

हिरव्या पाइपांचं मी सांगते. सीटीबी फाइल, म्हणजे कुठला रंग कसा आणि किती जाड छापायचा त्याची यादी, रंगाच्या क्रमांकावर चालते, १ ते २५५. लाल १, पिवळा २ असं. 'मोनोक्रोम' म्हणजे या २५५ रंगांना काळं करा, एवढंच. ज्या वस्तूला ट्रू कलर दिलाय, म्हणजे तो लाल-हिरवा-निळा असे तीन आकडे टाकून निवडलेला रंग, तिला सीटीबी ओळखतच नाही. ती आपल्या रंगात छापली जाते. पाइपिंगच्या थ्रीडी सॉफ्टवेअरमधून आलेल्या फाइलींत हे हमखास असतं. लेअर मॅनेजरमध्ये (लेअर म्हणजे ड्रॉइंगचे थर) रंगाचा रकाना बघा, आकडा किंवा नाव न दिसता स्वल्पविरामाने तोडलेले तीन आकडे दिसले की तोच चोर. लेअरला साधा क्रमांकाचा रंग द्या आणि वस्तूंवर 'सेटबायलेअर' (वस्तूला लेअरचाच रंग लावणारी कमांड) चालवा. हे एक्सरेफमध्ये (बाहेरून जोडलेल्या दुसऱ्या ड्रॉइंग फाइलीत) असेल तर मूळ फाइल उघडून करावं लागेल.

पिवळ्या चिठ्ठ्या म्हणजे एसएचएक्स फॉन्ट. हे जुने फॉन्ट म्हणजे रेघाच असतात, पीडीएफला त्यात अक्षर दिसत नाही. मजकूर शोधता यावा म्हणून ऑटोकॅड प्रत्येक ओळीवर एक कॉमेंट चिकटवतं. 'पीडीएफएसएचएक्स' हे व्हेरिएबल ० करा, चिठ्ठ्या गेल्या. (कमांडची नावं इथे देवनागरीत दिलीत, टाइप करताना रोमनमध्ये करा. मागे एकाने खरंच विचारलं होतं.)

घाईगडबड

बरं, फिट टू पेपर मागे घेतो. पण प्रिंट टू पीडीएफमध्ये काय वाईट आहे? पीडीएफ ती पीडीएफ.

जाडरेघ

ऑफिसच्या पत्रासाठी काही वाईट नाही. पण अशा जेनेरिक ड्रायव्हरमध्ये बऱ्याचदा ए० हा कागदच यादीत नसतो. मग लोक ए३ वर छापतात आणि दुकानात सांगतात मोठं करा. कॅडच्या स्वतःच्या पीडीएफ ड्रायव्हरमध्ये कागदाचा नेमका आकार, रेघांची जाडी, लेअर, फॉन्ट सगळं हातात राहतं.

फाइल आतून कशी आहे ते बघायचा सोपा उपाय: पीडीएफ उघडून ६४०० टक्के झूम करा आणि एका रेघेची कड बघा. सुरीने कापल्यासारखी राहिली तर व्हेक्टर, म्हणजे खरी रेघ. पायऱ्या दिसल्या तर तुमची रेघ आता रेघ नाही, फोटो आहे. @कोनमापक, ती २१२ एमबीवाली शीट अशी बघा.

कोनमापक

बघितली. पायऱ्याच पायऱ्या. अक्षरंसुद्धा. खाली उपग्रहाचा फोटो आहे, त्यावर गवत, खडी, पाणी यांचे हॅच (जागा भरायच्या नक्ष्या), आणि तीन हॅच अर्धपारदर्शक.

रोलवाला

तरीच मशीन बसलं. हिशोब करून बघा. ए० म्हणजे इंचांत साधारण ३३.१ × ४६.८. ६०० डीपीआयला (इंचाला ६०० ठिपके) जवळपास १९,८६६ × २८,०८७ ठिपके, म्हणजे ५५ कोटींच्या वर. रंगीत असेल तर प्रत्येक ठिपक्याला तीन बाइट, म्हणजे १.६ जीबीहून जास्त. तुमची फाइल २१२ एमबीची आली कारण ती दाबलेली होती, आमच्या मशीनला ती उघडून छापावी लागते. जिथे मेमरी संपली तिथे कागद कोरा.

३०० डीपीआयला हेच सगळं चौथाईवर येतं. लोकांना वाटतं आकडा निम्मा म्हणजे फाइल निम्मी. तसं नाही, दोन्ही दिशांनी निम्मं होतं.

नकाशी

रोलवाल्यांशी सहमत, पण डीपीआय कमी करणं ही मलमपट्टी झाली. मुळात अख्खी शीट फोटो का झाली? तर 'प्लॉट ट्रान्सपरन्सी'वर टिक आहे. ती काढा. अर्धपारदर्शक हॅचऐवजी सॉलिड हॅच घेऊन सीटीबीमध्ये त्या रंगाचं स्क्रीनिंग (शाईचं प्रमाण) २०-२५ टक्के करा, ड्रॉ ऑर्डरमध्ये मागे पाठवा. फिकट छटा मिळते, रेघा रेघाच राहतात.

खडीचा हॅच किती बारीक आहे तेही बघा. मॉडेल मीटरमध्ये आणि हॅचचं स्केल मिमीचं, असं झालं की एका अंगणात लाखो ठिपके पडतात. स्क्रीनवर ते नुसतं करडं दिसतं म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. मी एकदा अशीच एक फाइल धरून दोन दिवस एक्सरेफ तपासत बसले होते, आणि दोषी निघाला एका कोपऱ्यातल्या फुटपाथचा हॅच.

फोटोसाठी नियम सोपा: कागदावर जेवढा छापायचा तेवढ्यापुरतेच पिक्सेल ठेवा. तो ५०० मिमी रुंद छापला जाणार असेल तर २०० डीपीआयला चार हजारांच्या आत पिक्सेल पुरतात. त्याच्या वरचे पिक्सेल नुसतं ओझं.

शाईपेन०३५

वाचतोय कधीचा. आमच्या वेळी फाइल अडकत नसे, अमोनियाच्या वासाने माणूस अडकायचा. ट्रेसिंग घालायचं, प्रिंट काढायची, डोळ्यांत पाणी. त्याच्याही आधीची निळी ब्लूप्रिंट ज्या पद्धतीने निघायची ती जॉन हर्शेलने १८४२ मध्ये शोधलेली, निळ्यावर पांढऱ्या रेघा. असो, म्हाताऱ्याचं पुराण पुरे.

रेघांच्या जाडीबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. आमच्या पेनांच्या कड्यांना रंग होते: ०.१८ मिमी लाल, ०.२५ पांढरा, ०.३५ पिवळा, ०.५ तपकिरी, ०.७ निळा. हे आकडे असेच कुणाच्या मनात आले म्हणून ठेवलेले नाहीत. प्रत्येक पेन आधीच्याच्या साधारण १.४ पट, म्हणजे दोनचं वर्गमूळ. कागदाचंही तेच: ए१ ची लांबी-रुंदी ए२ च्या १.४ पट. त्यामुळे ए१ चं ड्रॉइंग ए२ वर उतरवलं की ०.५ ची रेघ बरोबर ०.३५ ची होते, आणि त्याच्यावर दुरुस्ती करायला पेन हाताशी असतोच. ज्याने जुळवलं त्याचं डोकं मानलं पाहिजे.

आता तुमच्या सीटीबीत बघा, कुणी ०.२, ०.३, ०.४ अशा मनाच्या जाड्या घातल्या असतील. आणि ०.०० असेल तर ती आधी काढा. शून्य म्हणजे मशीनला जमेल तेवढी बारीक रेघ. स्क्रीनवर झकास दिसते, चांगल्या मशीनवर कागदावर जवळजवळ नाहीशी होते.

कोनमापक

काका, ०.०० आहे! सगळ्या डायमेन्शन लाइन ०.०० आहेत. म्हणूनच प्रिंटमध्ये मापांचे आकडे हवेत तरंगत होते. पण स्क्रीनवर मात्र त्या चांगल्या जाड दिसतात, ते कसं?

जाडरेघ

रीडरमधलं 'एन्हान्स थिन लाइन्स'. प्रेफरन्सेस, पेज डिस्प्ले. बारीक रेघा डोळ्यांना दिसाव्यात म्हणून रीडर त्या मुद्दाम जाड दाखवतो. ते बंद करूनच जाडी तपासायची. हे माहीत नसल्याने चांगली सीटीबी बिघडवून ठेवलेले लोक मी बघितलेत, त्यात एक मी.

घाईगडबड

प्रामाणिक शंका: सरळ डीडब्ल्यूजीच छपाईवाल्याला का देऊ नये? नाहीतर पीएलटी (प्लॉटरला थेट द्यायची फाइल)?

रोलवाला

नको रे बाबा. डीडब्ल्यूजी आली की तिच्यासोबत एक्सरेफ येत नाहीत, सीटीबी येत नाही, फॉन्ट येत नाही. फॉन्ट नसला की सॉफ्टवेअर दुसरा लावतं, अक्षरं चौकटीबाहेर पळतात आणि व्यासाच्या खुणेच्या जागी प्रश्नचिन्ह उमटतं. '? २५' म्हणजे पंचवीसच का अशी शंका काढणारा फिटर मला भेटलाय. पीएलटी एका विशिष्ट मशीनच्या भाषेत असते. आमच्याकडचं मशीन वेगळं निघालं तर बसा. ती उघडून बघायचीही सहज सोय नाही. पीडीएफ तुम्ही, मी, तुमचे साहेब, तिघंही एकच बघतो. तेवढ्यासाठी तरी पीडीएफ.

नकाशी

+१. मूळ फाइली जपून ठेवायच्या किंवा कुणाला द्यायच्या असतील तर 'ईट्रान्समिट' वापरा, एक्सरेफ आणि फॉन्टसकट गठ्ठा बांधून मिळतो. छपाईला मात्र पीडीएफच.

अजून एक, साइटवर लोक ए३ चा सेट मागतात. ए१ ते ए३ म्हणजे लांबीत बरोबर निम्मं. १:१०० चं १:२०० होतं, पण टायटल ब्लॉक अजून १:१०० च म्हणत राहतो. त्यामुळे 'ए१ वर १:१००' असं लिहा आणि शेजारी आलेखी स्केल बार काढा. तो कागदाबरोबर लहानमोठा होतो, खोटं बोलत नाही. अक्षरं २.५ मिमीची असतील तर ए३ वर सव्वा मिमी उरतात. भिंग घेऊन वाचावं लागेल. निम्म्या आकारात छापलं जाणार हे आधीच माहीत असेल तर ३.५ मिमी ठेवा.

आडवाछेद

अवांतर: पाइपलाइनचे एल-सेक्शन (लांबीच्या दिशेचे उभे छेद) काढतो. एकदा सहा मीटर लांब शीटची पीडीएफ करायला गेलो, होईना. मग कळलं की पीडीएफमध्ये पानाची बाजू नेहमीच्या एककात १४,४०० च्या पलीकडे जात नाही. एक एकक म्हणजे इंचाचा ७२ वा भाग, म्हणजे २०० इंच, ५०८० मिमी. पीडीएफ १.६ पासून एककच मोठं करायची सोय आहे, पण सगळी सॉफ्टवेअर आणि मशीनं ते पाळतील याच्या भरवशावर मी राहत नाही. मुकाट्याने मॅच लाइन (दोन शीट जुळवायची खूण) टाकून दोन शीट केल्या.

रोलवाला

देव तुमचं भलं करो. सहा मीटरचा कागद घडी घालायला दोन माणसं लागतात.

कोनमापक

अपडेट. दोन दिवस गायब होतो, हेच करत होतो.

साइट लेआउट २१२ वरून ९ एमबीवर आली. ट्रान्सपरन्सी काढली, फोटो लहान केला, खडीचा हॅच खरंच हजारपट बारीक होता. ६४०० टक्क्यांवर कड स्वच्छ. हिरवे पाइप काळे झाले, दोन एक्सरेफ उघडून सेटबायलेअर करावं लागलं. सीटीबीतल्या जाड्या काकांच्या पेनांप्रमाणे: बॉर्डर ०.७, पाइप ०.५, इमारत ०.२५, डायमेन्शन ०.१८. एक नवीन पेज सेटअप (प्लॉटच्या सेटिंगांचा साठवलेला संच) बनवून ठेवलाय, लेआउट, १:१, फुल ब्लीड.

आता प्रश्न ८६ वेळा प्लॉट दाबायचं का हा.

जाडरेघ

मुळीच नाही. 'पब्लिश', अनेक शीट एकदम प्लॉट करणारी कमांड. सगळ्या फाइली यादीत टाका, मॉडेल टॅब काढून टाका, फक्त लेआउट ठेवा. पेज सेटअपच्या रकान्यात सगळ्या ओळी निवडून तुमचा नवा सेटअप इंपोर्ट करा, ए० साठी वेगळा. यादी सेव्ह करून ठेवा, रिव्हिजन आली की तीच पुन्हा चालवायची. आणि 'बॅकग्राउंडप्लॉट' ० करा. मागे गुपचूप चालणारं पब्लिश अडखळलं तर कुठल्या शीटवर अडखळलं ते शोधत बसावं लागतं, समोर चाललेलं दिसतं.

पीडीएफ शीटगणिक वेगळी करा, नावात शीट नंबर आणि रिव्हिजन. ८६ पानांची एकच फाइल दिली आणि चाळिसावं पान बदललं की पुन्हा सगळं पाठवायचं.

रोलवाला

आणि ए० व ए१ वेगवेगळ्या फोल्डरमध्ये द्या. एवढं केलंत तर चहा माझ्याकडून.

कोनमापक

झालं! ८६ शीट छापून आल्या. पहिलं काम पट्टी काढली. चौकोन एका बाजूने १००, दुसऱ्या बाजूने ९९.५. आता हे अर्धं मिलिमीटर कुणाच्या नावावर टाकू?

शाईपेन०३५

हवेच्या. कागद दमट हवेत फुगतो, कोरड्यात आकसतो, आणि आडव्या-उभ्या दिशेला सारखा नाही. त्यात रोल ओढणाऱ्या चाकांची थोडी भर. म्हणून आम्ही नेमक्या कामाला पॉलिएस्टर फिल्म वापरायचो. तुमच्या टायटल ब्लॉकमध्ये 'ड्रॉइंगवर मोजू नये, लिहिलेलीच मापं घ्यावीत' अशी ओळ आहे की नाही बघा.

घाईगडबड

काका, मग चार दिवस आपण पट्टी घेऊन काय करत होतो??

शाईपेन०३५

तीन टक्के आणि अर्धा टक्का यातला फरक बघत होतो. साइटवरचा माणूस ती ओळ वाचत नाही रे, पट्टीच लावतो.

कोनमापक

ओळ आहे, काका. पण ती ०.०० जाडीच्या चौकटीत होती, आत्तापर्यंत दिसलीच नव्हती. साहेबांना सांगितलं, चूक फिट टू पेपरची होती. त्यांनी विचारलं, कुणी दाबलं होतं? म्हटलं, आधीच्या माणसाने.